चाचांच्या अंगणातून पूर्वेला

गटारावर पत्रक काढणारा आमच्या तालुक्यात मीच पहिला असेन. त्याआधी मी वेठबिगारीवर पत्रकं लिहिली होती, सरकार सक्तीनं नेतं त्या लेव्हीच्या ज्वारीवर लिहिली होती, आणि शाळेत पोरांच्या तोंडची भाषा काढून घेतात त्यावर तर इतकी लिहिली होती, की कार्बनच्या कागदातून पलीकडचं दिसायला लागलं होतं. छापखाना आमच्याकडं नव्हता. असता तरी निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय चालला नसता. हातानं लिहायचं, खाली कार्बन लावायचा आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत वाटून मोकळं व्हायचं. मी त्याला काम म्हणत असे. घरचे त्याला उनाडक्या म्हणत.

पत्रक लिहायची एक रीत असते. पहिल्या ओळीत जुलूम, दुसऱ्या ओळीत जुलूम करणारा, तिसऱ्या ओळीत 'बंधूंनो'. ही रीत हातात इतकी बसली होती, की मावशीला खुशालीचं कार्ड लिहिलं तरी तिसऱ्या ओळीला 'बंधूंनो' यायचं. मावशीनं एकदा उलट विचारलं होतं, बंधू सगळे बरे आहेत, पण तू कसा आहेस?

आमचं गाव कळंब आणि येरमाळ्याच्या मधलं, आठवडी बाजाराचं. आमचा बोळ गावाच्या दक्षिण कडेला. वर वेशीच्या बाजूनं निघून तो खाली ओढ्याकडं उतरत जायचा. आता उतार आहे, खाली ओढा आहे, म्हटल्यावर पाणी तुंबायला नको. पण आमच्या बोळात तुंबायचं. पावसाळ्यात घोटा बुडेल एवढं, आणि भर उन्हाळ्यातही खालच्या टोकाला हिरवट डबकं कायम. त्या टोकाला, बोळातून ओढ्याकडं बाहेर पडायच्या तोंडावरच, एक दगडी बांध होता, गुडघ्याएवढा. माणसं तो ओलांडून जात, कुत्री उडी मारून जात. पाणी तेवढं अलीकडं बसून राही. तो बांध कुणी घातला, कशाला घातला, मी कधी विचारलं नव्हतं. जन्मल्यापासून जे बघतो त्याला माणूस कारण विचारत नाही, आणि पत्रकं काढणारा तर मुळीच विचारत नाही. त्याला लांबचं दिसतं.

घरं सगळी माळवदाची. तुळया, त्यावर सराव म्हणजे आडवी लाकडं, त्यावर पाला आणि त्यावर जाड मातीचा थर, असं हे सपाट छत. उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही आणि पावसाळ्यात त्यासारखा छळ नाही. दरसाल मृगाच्या आधी बायका खारी माती टोपल्यांनी वर चढवून पसरत, तुडवत. तरी श्रावणात घरोघरी जमिनीवर पातेली मांडलेली, आणि पावसाच्या जोराप्रमाणं त्यांचे वेगवेगळे आवाज. आमच्या आईला नुसत्या आवाजावरून कळायचं कुठलं पातेलं भरत आलं. छतावरचं पाणी पन्हाळीतून बोळात, न्हाणीचं पाणी मोरीतून बोळात. आणि बोळातलं सगळं पाणी खाली सरकत सरकत चाचांच्या भिंतीला.

चाचा म्हणजे बोळाच्या अगदी खालच्या घरातले मोमीन विणकर. घरात ते आणि चाची, दोघंच. त्यांचं घर त्या दगडी बांधाला लागून. चाचा लुगडी विणायचे. त्यांचा माग खड्ड्याचा, म्हणजे जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर बसायचं, पाय खाली सोडून पावड्या दाबायच्या आणि समोर जमिनीलगत कापड. आमच्या बोळातल्या झाडून सगळ्या बायकांच्या अंगावर चाचांचंच लुगडं असे. आई तर बाजारात दुसऱ्या कुणाचं लुगडं हातात घेतलं की बोटानं चोळून बघायची आणि न बोलता परत ठेवायची.

आम्हा पोरांना चाचांचं घर आवडायचं ते दुसऱ्याच कारणानं. सोलापूरहून चोरून येणारी वर्तमानपत्रं आम्ही तिथं मोठ्यानं वाचायचो. मागाचा खटखटाट असा, की भिंतीपलीकडं पोलीस जमादाराच्या कानावर शब्द जायचा नाही. चाचा खट्याळ. ऐन रंगात आलेल्या वाक्याला ते एकदम माग थांबवायचे. मी वाक्य अर्ध्यावर गिळायचो. चाचा म्हणायचे, "वाचा की लीडरसाब. जमादाराला शेवट कळला न्हाय तर झोप लागायची न्हाय बिचाऱ्याला."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला तो एक पावसाळा. श्रावण लागला आणि चाचांच्या मागाच्या खड्ड्यात पाणी आलं. भिंतीतून ओल आधीही यायची, पण त्या साली खड्ड्याला पाझर फुटला. सकाळी उठून चाचा डब्यानं पाणी उपसायचे, दुपारी पाय खाली सोडावे तर पुन्हा पावड्या बुडालेल्या. लाकूड फुगलं, पावडी दाबली की वर यायची नाही. सुताला ओल लागून धागा तुटायचा. सूत तर कंट्रोलचं, किती खटपटीनं मिळालेलं. चाचांचे गुडघे सुजले. चाची सांगायची, रात्री कण्हतात आणि सकाळी विचारलं तर मांजर ओरडत होतं म्हणतात.

चाचांचा भाचा सोलापूरला गिरणीत होता. तो कधीपासून म्हणत होता, मामू, इकडं या, गिरणीत चिकटवतो. चाचा इतके दिवस हसण्यावारी न्यायचे. त्या श्रावणात मात्र त्यांनी होय म्हटलं. दसऱ्यानंतर भाचा न्यायला येणार. तोवर खड्डा कोरडा झाला तर ठीक, न्हाय तर माग मोडायचा, लाकूड विकायचं आणि जायचं. चाचांनी हे मला सूत सोडवता सोडवता सांगितलं, जसं काय बाजारातून कांदे आणायचेत.

माझं डोकं फिरलं. मी घरी आलो आणि पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत जुलूम, दुसऱ्या ओळीत सरकार. जे सरकार घरपट्टी घेतं, पण एक गटार खणून देत नाही, त्या सरकारला विणकराच्या खड्ड्यात पाय बुडवून बसवलं पाहिजे, असं बरंच काही. नंतर रीतसर एक अर्ज तहसिलात दिला. अर्ज परत आला. उर्दूत नव्हता, मराठीत होता म्हणून. पाणी मराठीत तुंबलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता. मी आणखी एक पत्रक लिहिलं.

त्या रात्री जेवताना मी घरात जाहीर केलं, "सरकार खणत न्हाय तर आपणच खणू. खालचा बांध फोडायचा, गटार सरळ दक्षिणेला ओढ्यात काढायची. दोन दिवसांचं काम हाय."

आईची भाकरी तव्यावरच राहिली. पलीकडं अण्णा जेवत होते. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. थोरल्या दिराशी आई समोरासमोर बोलत नसे, रीतच तशी. पदर पुढं ओढून भिंतीशी बोलायची, नाहीतर मला मध्ये घालायची. दोघं एका खोलीत हातभर अंतरावर, आणि निरोप माझ्यामार्फत. आमच्या घरातला पोस्टमन मीच.

"विचार रे त्यांना," आई म्हणाली, "हे पोरगं कुठल्या दिशेला म्हणलं?"

"दक्षिणेला म्हणलं," अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले. "पुस्तकं वाचून वाचून दिशा इसरलाय."

मग मला कळलं. आमच्याच नाही, बोळातल्या प्रत्येक घराच्या मोरीचं तोंड उत्तरेला होतं. मी आयुष्यभर त्या मोऱ्या ओलांडल्या होत्या आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घराचं पाणी उत्तरेला किंवा पूर्वेला जावं, दक्षिणेला जाऊ नये. दक्षिण यमाची. पाण्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते आणि जाते ती थेट त्याच्या दारात. अण्णांच्या आजोबांच्या काळात बोळात पटकी आली होती. घरटी एक तरी माणूस गेलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, तुमचं सगळं पाणी यमाकडं वाहतंय, दुसरं काय होणार? लोकांनी मोऱ्यांची तोंडं फिरवली आणि खाली दगडी बांध घातला. मोरीतून पाणी इमानदारीत उत्तरेला बाहेर पडायचं, हातभर जायचं आणि उतार बघून वळून खाली यायचं. बांधाशी येऊन थांबायचं. दक्षिणेला गेलं नाही म्हणजे झालं.

"मग जातं कुठं?" मी विचारलं.

"कुठं जायचं हाय?" अण्णा म्हणाले. "मुरतंय."

"चाचांच्या खड्ड्यात मुरतंय."

अण्णा भाकरी कुस्करत राहिले. आई भिंतीला म्हणाली, "चाचा गेले तर लुगडं कुणाकडनं घ्यायचं, ते बी विचार." पण बांध फोडायला तीही तयार नव्हती. त्यातल्या त्यात तिचाच विरोध जास्त. तिनं दोन लेकरं पुरली होती. तिला यमाची थट्टा परवडत नव्हती. मला ते तेव्हा समजलं नाही. मी तिसरं पत्रक लिहिलं, आणि ते आमच्याच बोळावर होतं. पटकी तुंबलेल्या पाण्यानं येते. तुमच्या पूर्वजांनी यम अडवला नाही, पाळला, अशी त्यात फटकेबाजी होती. ते बोळात सगळ्यांनी वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतलं. शिंप्यानं अक्षराची तारीफ केली. तेल्यानं, खरंय तुमचं, म्हणून मान डोलावली आणि मोरीत बादली ओतली. ती उत्तरेला बाहेर पडून चाचांकडं निघून गेली.

मग मी सभा बोलावली. आमच्याच ओट्यावर, दुपारची, सणासुदीच्या मोकळ्या वेळेत. माणसं जमवायची तर तेव्हा परवानगी काढावी लागे. मोरीसाठी परवानगी मागणारा मी नव्हतो. वर तो अर्ज पुन्हा मराठीत होता म्हणून परत आला असता. सगळा बोळ जमला. बाप्ये ओट्यावर, बायका दारांच्या आड. चाचाही आले, गुडघे धरत, आणि पायरीवर बसले. मी उभा राहिलो. घसा साफ केला. इतक्यात जमादार.

आमच्याकडचा पोलीस जमादार ओढ्याच्या बाजूनं आला. बांधावर उभा राहिला, आमच्याकडं बघत रुबाबात पुढं पाऊल टाकलं, आणि बुटासकट डबक्यात.

"ये क्या जलसा है?" तो तिथूनच ओरडला. "किसकी इजाजत से?"

"जलसा न्हाय जमादारसाब," अण्णा म्हणाले. "मोरीचं चाललंय."

"मोरी का जलसा?"

"व्हय. या, बसा. आधी बूट काढा."

जमादार ओट्यावर टेकला आणि बुटातलं पाणी ओतायला लागला. एकदा बूट काढलेल्या माणसाला सभा उधळणं जड जातं. आतून आईनं ताक पाठवलं. ताक पिऊन झाल्यावर तो पाय झटकत म्हणाला, "लेकिन ये पानी जाता किधर है?"

बाहेरच्या माणसानं विचारलं म्हटल्यावर मुरतंय असं सांगायची अण्णांनासुद्धा लाज वाटली असावी. मग मीच सगळं सांगितलं. खड्डा, पावड्या, भाचा, सोलापूर. दसरा तोंडावर आलाय आणि भाचा आला की चाचा निघाले. बांध फोडा, एवढंच मागणं. दाराआड बांगड्या वाजल्या.

"दक्षिणेला न्हाय," अण्णा म्हणाले. आवाज चढवून नाही. उलट जरा खालीच. "दुसरं काय बी सांगा."

जमादार म्हणाला, "तो मगरिब को निकालो."

पश्चिमेला ओळीनं घरं होती, बाहेर काढायला फट नव्हती. मग शिंपी हळूच म्हणाला, "पूर्वेला चालंल का, अण्णा?"

"पूर्वेला चालंल. पूर्व चांगली."

सगळ्यांच्या माना पूर्वेला वळल्या. तिथं चाचांचं अंगण होतं. घराच्या बगलेनं लांबट, थेट ओढ्याच्या काठापर्यंत गेलेलं. ते लांबट असण्याला कारण होतं. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, विणायच्या आधी लांबच्या लांब ताणून त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्यानं लावायची आणि वाळवायची. ह्याला पाजणी म्हणतात. त्याशिवाय धागा मागावर टिकत नाही. चाचांची पाजणी त्या अंगणात चालायची. अंगणाच्या मधून गटार गेली, की पाजणी संपली आणि पाजणी संपली, की माग संपला.

मग मात्र मी पेटलो. ज्याच्या घरात तुमचं पाणी शिरलं, त्याचंच अंगण मागता? ज्याचे गुडघे तुम्ही सुजवले, त्याच्याच छातीवर गटार खणता? वेठबिगार ह्याहून वेगळी काय असते? देशमुख फुकट राबवून घेतो तर त्याला शिव्या देता, आणि स्वतः... बंधूंनो, असं म्हणून मी हात वर केला तो चाचांनी पायरीवरून माझं धोतर ओढलं.

"लीडरसाब, बसा. अंगण माझं हाय. रागवायचं असलं तर म्या रागवतो."

मी बसलो. 

चाचांनी अण्णांकडं तोंड केलं. "अंगण देतो. गटार खणा. डाळिंब मधी येतं, ते बी काढा. चाची रडंल, तिचं म्या बघतो. पण ताणा कुठं ताणू?"

"बोळात ताणा की," अण्णा म्हणाले. "गटार झाली म्हंजे बोळ कोरडा झाला. लांबच लांब जागा."

"हौ. बोळात ताणतो. मग ऐका. पाजणी सकाळची असती. ऊन तापायच्या आत खळ लावायची, मग वाळायला सोडायची. त्या टायमाला खाली पाणी नक्को. खालनं ओल आली की धाग्याला धागा चिकटतो, सगळा ताणा मग दोर वळायच्या लायकीचा. तर पाजणीच्या दिवशी ताणा वाळंपर्यंत बोळात थेंब पडायचा न्हाय. कुणाच्याच मोरीतनं न्हाय."

"म्हंजे?" तेली म्हणाला. "आंघोळ?"

"दुपारी करा."

बोळाच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्यांचं एक वेळ सोडा. अण्णा पहाटे आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करत, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. आंघोळ दुपारी म्हणजे पूजा दुपारी, पूजा दुपारी म्हणजे न्याहरी दुपारी. आणि अण्णांना भूक लागली, की घरातली भांडीसुद्धा गप्प बसत.

जमादार बूट चढवत म्हणाला, "नहाए बगैर कोई मरता नहीं. मैं खुद जुम्मे के जुम्मे नहाता हूँ."

"ते सांगायला नक्को, जमादारसाब," चाचा म्हणाले.

सगळे हसले, जमादारही हसला. पण अण्णा हसले नाहीत. ते बराच वेळ ओट्याच्या कडेला बोटानं रेघा काढत बसले. मग म्हणाले, "बरं. शब्द दिला."

आतून आई भिंतीला म्हणाली, "ऐकलं आमी."

सभा उधळायला आलेला जमादार सभा संपेपर्यंत बसला, आणि कुठं काही जलसा नव्हता असं वर जाऊन सांगतो म्हणाला. सरकारची मला झालेली ही एकुलती एक मदत.

खणायला बोळातला प्रत्येक बाप्या आला. अण्णांनीसुद्धा बाजारातलं आपलं दुकान बंद ठेवून टिकाव मारला. उतार बघायची आमची रीत साधी होती. बादलीभर पाणी ओतायचं आणि ते कुठं थांबतं ते बघायचं. जिथं थांबेल तिथं आणखी खणायचं. बांध तसाच ठेवला. त्याच्या अलीकडून गटार पूर्वेला वळवली, चाचांच्या अंगणातून लांब नेली आणि काठावरून ओढ्यात सोडली. तळाला ओढ्यातले चपटे दगड. ओढा तिथून दक्षिणेलाच वाहतो, हे मी बोलून दाखवणार होतो. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी टिकाव उचलला.

डाळिंब काढलं त्या दिवशी चाची बाहेर आली नाही. झाडाला फळं होती, लहान आणि हिरवी. शिंप्याच्या बायकोनं ती ओच्यात गोळा करून चाचीच्या उंबऱ्यावर ठेवली. ती तिथंच सुकली.

खड्डा मात्र कोरडा पडू लागला. पाझर आटला, मग तळाचा चिखल आटला, मग चुलीतली राख टाकटाकून चाचांनी उरलेली ओल मारली. दसरा झाला तेव्हा तळाला भेगा पडल्या होत्या. चाचांनी नवा ताणा धरला. पण चाचीचं म्हणणं साफ होतं, आणि ते तिनं आमच्या आईला ओट्यावर येऊन ऐकवलं. "भाभी, खड्डा सुकला, ठीक. पन ये लोगां एक दिन नहाना नहीं रोक सके, तो ताणा गया. ताणा गया तो हम चले. भाच्याला म्या येऊ दिलंय. सामान बी आर्धं बांधलंय."

आईनं चाचीला पान दिलं.

पाजणीच्या आदल्या संध्याकाळी चाचा घरोघर सांगून आले. सकाळी उजाडायच्या आत त्यांनी आणि चाचीनं बोळाच्या वरच्या टोकापासून खालच्या बांधापर्यंत ताणा ताणला. लाकडी घोड्यांवर, कमरेएवढ्या उंचीवर, हातभर रुंद पांढऱ्या धाग्यांचा पूलच. दोघं दोन बाजूंनी कुंचे घेऊन खळ ओढत निघाले. बोळातल्या बायका घागरी रिकाम्या ठेवून दारात उभ्या. पलीकडच्या घरात जायचं तर वाकून, ताण्याखालून. कुलकर्ण्यांची म्हातारी कधी कुणापुढं वाकली नव्हती. ती त्या दिवशी उकिडवी होऊन, पाय घाशीत ताण्याखालून विडा आणायला गेली.

आणि आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं आभाळ. ऊन पडेना. ताणा वाळेना. रोज न्याहरीची शेवटची भाकरी पोटात जाते ती वेळ झाली तरी खळ ओलीच. पोरं रडायला लागली, कारण बऱ्याच घरांत आंघोळीशिवाय चूल पेटत नव्हती. तेली दोनदा बाहेर येऊन धाग्याला बोट लावून गेला. चाची त्याच्याकडं बघायची आणि तो आत जायचा.

अण्णा ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते थांबले, आत आले आणि मला म्हणाले, "आता पुरं झालं. तांब्याभर पाणी. तेवढ्यानं काय ताणा बुडत न्हाय. हळू ओतून घेतो." आणि न्हाणीकडं निघाले.

मी दारात आडवा झालो असतो. भाषण तयार होतं. गरज पडली नाही. अण्णांनी न्हाणीचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. न्हाणी जमिनीपासून छतापर्यंत गोवऱ्यांनी भरलेली. मोरीच्या तोंडावर गोवऱ्या, आंघोळीच्या दगडावर गोवऱ्या, चुलाण्यावर गोवऱ्या. पावसाळ्याआधी परसातल्या कुडाच्या खोपट्यात साठवलेल्या सगळ्या गोवऱ्या आईनं पहाटे उठून आत रचल्या होत्या. एकटीनं. मला ताकास तूर लागली नव्हती.

"विचार रे," अण्णा म्हणाले, "हे काय हाय?"

"सांग रे त्यांना," आई चुलीपुढून म्हणाली, "गोवऱ्या वल्या होत होत्या. कुठं ठेवायच्या?"

"आजच?"

"आजच वल्या होत होत्या म्हणावं."

अण्णांचा चेहरा लाल झाला. आई भिंतीकडं बघत होती, पदर कपाळावर. मग अण्णांनी पंचा खांद्यावर टाकला, पूजेची पेटी उचलली, बाहेर आले, ताण्याखालून वाकले आणि तरातरा खाली निघाले. बांध ओलांडून ते ओढ्यावर गेले. सगळा बोळ बघत होता. थोड्या वेळानं शिंपी निघाला, मग तेली, मग एकेक करून सगळे बाप्ये, पंचे घेऊन, दक्षिणेला. मी गेलो नाही. माझी तत्त्वं होती. शिवाय पाणी गार होतं.

त्याच गडबडीत चाचांचा भाचा आला. येरमाळ्यापर्यंत मोटारीनं आणि तिथून बैलगाडीनं. बैलगाडी सामानासाठी ठरवून आणलेली. विजार, इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. गाडी बोळात शिरेना, कारण बोळभर ताणा. तो वरच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "मामू, सामान तय्यार है क्या? गाडीवाला थांबायचा न्हाय."

चाचा बोळाच्या मधोमध होते, खळीनं कोपरापर्यंत भरलेले. त्यांनी मान वर केली नाही. "आलास? वरचं टोक ढिलं पडलंय. धर ते. सोडू नक्को."

"मामू, कपडे—"

"धर म्हणतो."

भाच्यानं टोक धरलं. एकदा धरलं, की ताणा वाळेपर्यंत सोडता येत नाही; सोडलं तर सगळे धागे एकमेकांवर. गाडीवाला थोडा वेळ थांबला, मग बैलांना वैरण टाकून झाडाखाली आडवा झाला. ओढ्यावरून अण्णा ओल्या पंच्यानं वर आले, कपाळाला विभूती, पूजा झालेली. ते भाच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "कसं काय, सोलापूरकर? न्याहरी झाली का?"

"न्हाय जी."

"मग या. ... न्हाय, नका येऊ. तसंच धरून उभं राहा. इथं पाठवतो."

आईनं भाकरी-चटणी पाठवली. भाच्याचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी तुकडे मोडून त्याच्या तोंडात घालत होतो. ऊन दुपार टळल्यावर पडलं. ताणा वाळला, चाचांनी आणि चाचीनं तो गुंडाळत गुंडाळत घरात नेला, आणि त्याबरोबर बोळातल्या सगळ्या मोऱ्या एकदम वाहायला लागल्या.

चाचांना कुणी काही विचारलं नाही. चाचीनं बांधलेलं सामान दिवेलागणीला सोडलं. तवा त्यातच होता आणि स्वयंपाक करायचा होता. सकाळी भाचा त्याच बैलगाडीनं एकटा परत निघाला. चाचा निरोप द्यायला बाहेर आले नाहीत, मागावर बसले होते. भाचा गाडीत बसून हाताच्या कोपरावरचे वाळलेल्या खळीचे पापुद्रे नखानं काढत होता, आणि ते निघता निघत नव्हते.